पीजी झालं, एमआरसीपी झालं, आता यूकेत परत आयएमटी-१ पासून सुरुवात करू का?

रात्रपाळी_संपेना
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, जरा लांबेल. मेडिसिनमध्ये पीजी केलं, मग दोन वर्षं रजिस्ट्रार, त्यातच एमआरसीपीचे (यूकेची मेडिसिनची पदव्युत्तर परीक्षा) तिन्ही टप्पे काढले, त्या जोरावर जीएमसी म्हणजे तिथल्या मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं, बाहेरच्या डॉक्टरांची प्लॅब परीक्षा द्यावी लागली नाही. आता यूकेत रेस्पिरेटरीमध्ये क्लिनिकल फेलो म्हणून (ट्रेनिंगमध्ये धरत नाहीत अशी नोकरी) तिसरं वर्ष चालूये. पगार वेळेवर, कन्सल्टंट चांगले, तक्रार अशी काही नाही पण पुढे काय ते कळत नाहीये.

मागच्या आठवड्यात पहाटे चारला मी एक चेस्ट ड्रेन (छातीतलं पाणी-हवा काढायची नळी) टाकला, शेजारी आयएमटी-२ म्हणजे इथल्या मेडिसिन ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा उभा राहून बघत होता. सकाळी त्याने ते स्वतःच्या ई-पोर्टफोलिओत (ट्रेनिंगची ऑनलाइन नोंदवही) टाकून रिफ्लेक्शनसुद्धा लिहिलं, आणि माझ्याकडे पुरावा काय तर नोट्समध्ये माझ्याच गिचमिड अक्षरातली सही. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

आयएमटी परत पहिल्यापासून केलं तर तीन वर्षं, मग एसटी-४ ते ७ म्हणजे स्पेशालिटी ट्रेनिंगची अजून चार, म्हणजे सात. मी चौतीसची आहे. दुसरा रस्ता पोर्टफोलिओ पाथवे, म्हणजे ते ट्रेनिंग न करता कामाचे पुरावे दाखवून स्पेशालिस्ट व्हायचं, पण तो करता करता लोक म्हातारे होतात असं ऐकलंय. नवरा म्हणतो जे चाललंय ते बरंय. कोणी यातून गेलंय का?

ब्लीपवाला
मी गेलोय, पहिल्या रस्त्याने. पीजी असूनही आयएमटी केलं. पहिले सहा महिने जाम अपमान वाटला, डिस्चार्ज समरी टाइप करत बसायचं आणि आपण कधीकाळी वॉर्ड चालवायचो हे कुणाला सांगायचीही सोय नाही. पण फायदा हा की शिकवणं ही त्यांची जबाबदारी होते. सुपरवायझर ठरलेला, क्लिनिकला जायला वेळ राखीव, वर्षाच्या शेवटी एआरसीपी म्हणजे प्रगतीचा आढावा, त्यात काय कमी पडलं ते तोंडावर सांगतात. नॉन-ट्रेनिंग नोकरीत हे सगळं मागून घ्यावं लागतं.

आता कडू भाग. २०१९ च्या ऑक्टोबरात डॉक्टरांचा समावेश शॉर्टेज लिस्टमध्ये (कमतरता असलेल्या व्यवसायांची सरकारी यादी) झाल्यावर बाहेरच्यांना पहिल्याच फेरीत बरोबरीने अर्ज करता यायला लागला, आम्ही त्या लाटेत आत आलो. आता ती हवा राहिली नाही. २०२५ च्या भरतीत सगळ्या स्पेशालिटी मिळून अर्जदार तीस हजारांच्या वर आणि जागा तेरा हजारांच्या आतबाहेर. त्याच जुलैत इंग्लंडचा दहा वर्षांचा आरोग्य आराखडा आला, त्यात इथे शिकलेल्यांना आणि एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) बराच काळ काम केलेल्यांना प्राधान्य द्यायचं म्हटलंय. तुमची एनएचएसमधली वर्षं त्यामुळे महत्त्वाची, पण अर्ज करायच्या आधी त्या वर्षीचे नियम स्वतः वाचा, व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून तीन वर्षांपूर्वीचं ज्ञान फिरतंय.

काळा_मार्कर
म्हातारं होण्याचा शेरा मी वैयक्तिक घेतलाय :)

माझं नाव पोर्टफोलिओ पाथवेनेच स्पेशालिस्ट रजिस्टरवर (कायमचा कन्सल्टंट व्हायला नाव लागतं ती यादी) लागलं. पूर्वी याला सीझर म्हणायचे. तेव्हा तुमचं ज्ञान आणि अनुभव सीसीटीच्या (ट्रेनिंग पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) तोडीस तोड आहे हे दाखवायला लागायचं, ३० नोव्हेंबर २०२३ पासून कसोटी बदलली, आता यूकेत त्या विषयाचा स्पेशालिस्ट म्हणून काम करायला लागणारं ज्ञान, कौशल्य, अनुभव आहे का ते बघतात. ऐकायला सोपं वाटतं. पण करिक्युलमच्या प्रत्येक मुद्द्यासमोर कागद लागतोच.

माझी साताठशे पानं झाली. वर्षभर रविवारी जेवणाच्या टेबलावर काळा मार्कर घेऊन बसायचे, पेशंटचं नाव, नंबर, जन्मतारीख सगळं खोडायचं, आणि एका क्लिनिक लेटरमध्ये कोपऱ्यात पेशंटच्या मुलीचं नाव राहून गेलं म्हणून अख्खा गठ्ठा परत तपासला. मुलगा शाळेत सांगून आला की आई कागद काळे करायचं काम करते.

पण खरी अडचण कागदांची नाहीच, नोकरीची आहे. फेलो म्हणून तुम्हाला वॉर्ड आणि ऑनकॉलच देत असतील तर दहा वर्षं थांबलात तरी पोर्टफोलिओ होणार नाही. स्वतःचं क्लिनिक, ब्रॉन्कोस्कोपी, प्लुरल अल्ट्रासाऊंड, लंग कॅन्सर एमडीटी (सगळ्या विभागांची एकत्र बैठक) हे सगळं तुमच्या जॉब प्लॅनमध्ये लेखी आहे का? नसेल तर पहिलं भांडण तिथे. मी आधीच्या एका ठिकाणी दोन वर्षं 'पुढच्या रोटात बघू' ऐकलं आणि शेवटी नोकरी बदलली, त्याआधीची दोन वर्षं पाण्यात. शिवाय पुरावा गेल्या पाच-सहा वर्षांतलाच धरतात, जुनं सोनं चालत नाही.

आणि एक, उद्या तिसऱ्याच देशात जायचं मनात असेल तर सीसीटी म्हटलं की लोकांना पटकन कळतं, आमचा रस्ता समजावून सांगत बसावं लागतं.

पॅसेस_तिसऱ्यांदा
दोनच रस्ते का धरलेत? तिसरा आहे की. थेट एसटी-४ ला अर्ज. आयएमटी केलं नसलं तरी त्यातल्या क्षमता दाखवणारं आल्टर्नेटिव्ह सर्टिफिकेट भरून घेता येतं, कन्सल्टंटच्या सहीने, आणि फुल एमआरसीपी तुमच्याकडे आहेच. सातची चार वर्षं होतात. माझ्या रूममेटने असंच केलं. मी अजून पॅसेसलाच (एमआरसीपीचा पेशंट तपासून दाखवायचा टप्पा) अडकलोय त्यामुळे मला फार विचारू नका.

फाखआर्त्स्ट_होणार
थोडं अवांतर. जर्मनीत ही रँकिंगची भानगड नाही, भाषा आणि अप्रोबेशन म्हणजे तिथला डॉक्टरकीचा परवाना झाला की हॉस्पिटलला सरळ अर्ज करायचा, असिस्टंट डॉक्टर म्हणून लागलात आणि चीफकडे ट्रेनिंगचा परवाना असला की तीच नोकरी तुमचं ट्रेनिंग, पाच-सहा वर्षांनी फाखआर्त्स्टची म्हणजे स्पेशालिस्टची परीक्षा. पण अप्रोबेशनच्या फाइलमध्ये माझे किती महिने गेले ते विचारू नका, आणि पेशंट बोलीभाषेत बोलायला लागला की सी-१ पातळीची भाषा वगैरे सगळं खिडकीतून बाहेर.

काळा_मार्कर
भाऊ, ती इथे तीन वर्षं घालवून बसलीये, आता जर्मन शिकवता का तिला.

@पॅसेस_तिसऱ्यांदा बरोबर बोललात, मी ते लिहायलाच विसरले. फक्त ती सही करणारा कन्सल्टंट तुमचं काम पाहिलेला हवा. आणि कन्सल्टंट व्हायचंच नसेल तर २०२१ पासून स्पेशालिस्ट ग्रेड नावाची वेगळी नोकरी आहे, त्याला स्पेशालिस्ट रजिस्टर लागत नाही, पण पदवीनंतर १२ वर्षं आणि त्यातली किमान ६ त्या विषयात हवीत.

रात्रपाळी_संपेना
एवढं सगळं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज कन्सल्टंटना गाठलं. आल्टर्नेटिव्ह सर्टिफिकेटचं नाव काढल्यावर ते म्हणाले हो देईन की, पण दाखव काय काय केलंयस. मी लॅपटॉप उघडला तर तीन वर्षांत सहा डॉप्स (प्रोसिजर करताना बघणाऱ्याने भरलेला फॉर्म). सहा! ड्रेन मी चाळीसच्या वर टाकले असतील. ते हसले नाहीत, हेच जास्त लागलं. मंगळवारचं प्लुरल क्लिनिक मात्र पुढच्या महिन्यापासून देतो म्हणाले.

एसटी-४ चा अर्ज करायचं ठरवतेय, नाही झालं तर पोर्टफोलिओ चालू ठेवायचा, कागद तेच लागणार आहेत. एकच प्रश्न, ते जुने चाळीस ड्रेन आता सही करून घेता येतील का?

काळा_मार्कर
डॉप्स नाही. ते समोर उभं राहून बघणाऱ्यानेच भरायचं असतं, मागच्या तारखेने करायच्या भानगडीत पडू नका, कुणी 'करून देतो' म्हटलं तरी. जुन्यांची लॉगबुक मात्र बनवा, तारीख, प्रोसिजर, कॉम्प्लिकेशन, पेशंटची ओळख न येऊ देता, आणि ती कन्सल्टंटकडून रेकॉर्डशी ताडून व्हेरिफाय करून घ्या. ते चालतं.

पुढचा ड्रेन कधी आहे?

रात्रपाळी_संपेना
आज रात्री ऑनकॉल आहे. रजिस्ट्रारला आत्ताच मेसेज टाकलाय, ड्रेन आला तर झोपेतून उठून बघायला ये म्हणून. अजून ब्लू टिक नाही.