न्यू जर्सीतील डायनर : आई शाकाहारी, बाबांना गोमांस चालत नाही; काय मागवावे?

एडिसनकर :
नमस्कार मंडळी. पुढील महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे यायचे आहेत आणि आजी-आजोबांना डायनरमध्ये, म्हणजे इथल्या साध्या, घरगुती धाटणीच्या उपाहारगृहात, लाल रेक्झिनच्या बाकांवर बसवून बर्गर व मिल्कशेक खाऊ घालायचाच, असा आमच्या लेकीचा हट्ट आहे. आई शाकाहारी असून तिला अंडेही चालत नाही. बाबा कोंबडी, मटण आणि मासे आवडीने खातात, परंतु गोमांस व डुकराचे मांस खात नाहीत. मी स्वतः सहकाऱ्यांबरोबर अशा ठिकाणी गेलो की फ्रेंच फ्राइज आणि कॉफीवर वेळ मारून नेतो, त्यामुळे या बाबतीत माझे ज्ञान यथातथाच आहे. दोघांना पोटभर जेवता येईल असे तिथे काय मिळते, आणि शाकाहारी पदार्थ मांसाच्याच तव्यावर भाजले जातात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पसेइकतीर :
बर्गरच्या साखळी दुकानांपेक्षा डायनर आपल्या लोकांना अधिक सोयीचे पडते, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण न्यू जर्सीच्या इतिहासात आहे. १८७२ साली ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने रात्रपाळीच्या लोकांसाठी घोडागाडीतून खाद्यपदार्थ विकायला सुरुवात केली, तेथून ही परंपरा चालत आली. पुढे रेल्वेच्या डब्यासारखी दिसणारी तयार डायनरे कारखान्यांत बांधून ट्रकवरून जागेवर नेऊन ठेवली जाऊ लागली, आणि त्यातले कितीतरी कारखाने न्यू जर्सीतच होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांतील अनेक डायनरे ग्रीक स्थलांतरितांच्या हाती आली. त्यामुळे बर्गरच्या शेजारच्याच पानावर पालक आणि फेटा चीजची खारी पाय (म्हणजे सारण भरून भाजलेली पेस्ट्री), ग्रीक सॅलड, पिटा ब्रेड असे पदार्थ सापडतात. पालकाच्या पायमध्ये बहुधा अंडे असते, म्हणून आपल्या आईंसाठी ती टाळावी. त्यांच्यासाठी ग्रिल्ड चीज सँडविच, भाजलेला बटाटा आणि ग्रीक सॅलड मागवावे. सॅलडवर अँकोव्ही नावाचे खारवलेले मासे घालण्याची काही ठिकाणी पद्धत आहे. ते घालू नका, असे आधीच सांगावे.

बाबांसाठी टर्की (कोंबडीसारखाच एक मोठा पक्षी) बर्गर किंवा कोंबडीचे सँडविच उत्तम. मात्र टर्की क्लब सँडविच मागवाल तर त्यात बेकन, म्हणजे डुकराचे मांस, ठरलेलेच असते.

उलथणे :
तव्याविषयीच्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण माझे महाविद्यालयीन शिक्षण इथेच झाले आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मी एका डायनरच्या स्वयंपाकघरात काम केले आहे. आमच्याकडे एकच लांबरुंद लोखंडी तवा होता. त्याच्या एका टोकाला खिम्याचा गोळा टाकून तो जड पत्र्याने दाबला जाई, म्हणजे कडा जाळीदार होऊन करपायच्या बेतात येत; दुसऱ्या टोकाला पॅनकेक, मधे अंडी आणि बेकन. चरबी खरवडून पुढच्या पन्हाळीत ढकलली जात असे, पण गर्दीच्या वेळी तेच उलथणे सगळीकडे फिरत असे. ग्रिल्ड चीज आणि शाकाहारी बर्गरही त्याच तव्यावर भाजले जात. प्रत्येक ठिकाणी असेच असते असे नाही, परंतु न विचारता वेगळा तवा असेल असे गृहीत धरू नये.

ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. वाढणाऱ्या बाईंना स्पष्ट सांगावे की आम्हाला धार्मिक कारणाने मांसाचा स्पर्श चालत नाही, कृपया स्वच्छ कढईत करून द्या. रविवारी सकाळी अकरा वाजता ही विनंती केली तर आचारी मनातल्या मनात शिव्या घालील. आठवड्यातल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास गेलात तर बहुधा आनंदाने करून देईल. सूप आणि ग्रेव्हीपासून मात्र दूर राहावे, कारण कांद्याच्या फ्रेंच सूपचा आधारच गोमांसाचा रस्सा असतो. न्यू जर्सीत लोकप्रिय असलेल्या डिस्को फ्राइजवरही मोझरेला चीजबरोबर तपकिरी, बहुधा मांसाच्या रसाची ग्रेव्ही ओतलेली असते.

बे एरियाचा बाळ्या :
फ्राइजविषयी भर घालतो. तळण्याचे तेल वनस्पतीचे आहे एवढे विचारून भागत नाही, त्याच तेलात कोंबडीही तळतात का, हेही विचारावे लागते. मॅकडोनल्ड्सने अमेरिकेत १९९० साली गोवंशाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल वापरायला सुरुवात केली, तरी फ्राइजमध्ये गोमांसाचा स्वाद होताच. त्यावरून २००१ साली हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी दावा लावला आणि २००२ साली कंपनीने माफी मागून १ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. इथल्या त्यांच्या फ्राइजमध्ये तो स्वाद आजही असतो. भारतातील फ्राइजची गोष्ट वेगळी आहे.

एडिसनकर :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. बऱ्याच ठिकाणी आता इम्पॉसिबल बर्गर मिळतो. आईसाठी तो मागवावा का?

जर्सीची मावशी :
माझ्या मते मुळीच मागवू नका. तो सोयाबीनच्या प्रथिनांचा असतो आणि त्यातला हीम हा घटक यीस्टच्या साहाय्याने बनवतात, त्यामुळे तो शाकाहारी आहे यात वाद नाही. परंतु कच्चा असताना लालसर दिसावा आणि भाजताना मांसासारखा वास यावा यासाठीच तो घटक घातलेला आहे. मांस सोडलेल्यांना त्यात आनंद मिळत असेल. ज्या बाईने जन्मात मांस खाल्ले नाही तिला त्या वासाने मळमळण्याचीच शक्यता अधिक. काळ्या घेवड्याचा बर्गर चवीला आपल्या कटलेटच्या जवळचा असतो, मात्र टिक्की बांधण्यासाठी अंडे घातले आहे का आणि पावावर अंड्याचा हात फिरवला आहे का, हे विचारून घ्यावे. आणि तव्याची गोष्ट आईंना आधीच सांगा. चालेल की नाही हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे, आपण परस्पर सोवळे पाळू नये आणि मोडूही नये.

बिलाचे विचारले नाहीत, तरी सांगते, कारण बाबा हमखास विचारतील. मेनूकार्डातील दरावर ६.६२५ टक्के विक्रीकर लागतो आणि त्याशिवाय पंधरा ते वीस टक्के टिप द्यावी लागते. टिप मिळणाऱ्या कामगारांचे केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवरच अडकलेले आहे. न्यू जर्सीत ते त्याहून जास्त असले, तरी वाढणाऱ्यांचे घर प्रामुख्याने टिपवरच चालते. बऱ्याच डायनरांत टिप टेबलावर ठेवून बिल दाराजवळच्या गल्ल्यावर भरायचे असते. त्या गल्ल्याशेजारच्या काचेच्या कपाटात उंचच उंच केक मांडलेले असतात, तेव्हा नातीला आधी बाहेर काढा आणि मग पैसे भरा.