‘गिल्ड’ला मराठीत काय म्हणावे? श्रेणी, महाजन, शेटे आणि त्यांच्या पंगती

प्रश्न असा आहे: लंडनमधल्या जुन्या व्यापारी-कारागिरांच्या ‘गिल्ड’विषयीचा मजकूर मराठीत आणायचा आहे. ‘व्यावसायिक संघटना’ लिहिले तर पुढच्याच परिच्छेदात येणारी मिरवणूक, धंद्याचा रक्षक संत, वर्षाची मेजवानी, कोणी कोणाच्या पुढे चालायचे याचे भांडण, हे सगळे परके वाटते. ‘श्रेणी’ लिहिले तर वाचकाला परीक्षेचा निकाल आठवतो. मग काय लिहावे?

माझे मत आधी सांगतो. ‘संघटना’ आणि ‘युनियन’ हे दोन्ही शब्द टाळा. संघटना मागण्या मांडते, वर्गणी घेते, ठराव करते. गिल्डही हे करीत असे, पण तिचे माणूसपण दुसरीकडे होते. एकत्र जेवणे, एका देवाला भजणे, एकमेकांच्या मयताला जाणे, चुकलेल्याला दंड करून पुन्हा पंगतीला बसवणे. ‘गिल्ड’ शब्दाच्या मुळाशीच जुन्या जर्मन-इंग्रजी बोलींतला ‘देणे, वर्गणी, देवाला अर्पण’ हा अर्थ आहे. लंडनच्या या मंडळ्या स्वतःला ‘कंपनी’ म्हणवतात आणि त्या शब्दात लॅटिनमधली भाकरी आहे: एका भाकरीचे वाटेकरी. तेव्हा शब्द असा हवा की ज्याला पंगत सोसेल.

आपल्याकडे असे शब्द आहेत, पण प्रत्येकाला त्याचा काळ आणि गाव आहे.

‘श्रेणी’ हा सर्वांत जुना. पाणिनीच्या सूत्रांत तो आहे, मनुस्मृतीत राजाने ‘श्रेणीधर्म’ पाहून न्याय करावा असे आहे, आणि मुख्य म्हणजे तो आपल्या डोंगरांत कोरलेला आहे. जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिल्याचा लेख आहे. तिथेच बांबूकाम करणारे ‘वसकर’ आणि काशाचे काम करणारे ‘कासाकार’ यांच्या श्रेणी भेटतात. नाशिकच्या लेण्यांतला, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख तर या चर्चेसाठी सोन्यासारखा आहे. लेखात नोंदलेल्या वर्ष 42 मध्ये त्याने 3000 कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न मोडायची ठेव, गोवर्धन गावच्या विणकरांकडे ठेवली. 2000 त्यांच्या एका निकायाकडे, म्हणजे मंडळीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 दुसऱ्याकडे शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, मिळायचे. गणित करून पाहा, वर्षाचे 240 बरोबर जुळतात.

या लेखातले एक वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते: हे सर्व ‘स्रावित निगमसभाय निबध च फलकवारे’. निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, ऐकवले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदले. व्यवहार पैशाचा, पण तो पुरा होतो चारचौघांसमोर मोठ्याने वाचल्यावर. श्रेणीचा समारंभ आणि श्रेणीचा हिशेब वेगळे नव्हते, हे इतक्या थोड्या शब्दांत दुसरीकडे सापडणार नाही. (तो ‘निगम’ आज हिंदीत सरकारी महामंडळाला लावतात. मराठीने तिथे ‘महामंडळ’ घेतले.)

श्रेणीच्या सामाजिक जीवनाचे सर्वांत जिवंत चित्र मात्र मंदसोरच्या शिलालेखात आहे. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणारी मंडळी दशपुराला, म्हणजे या मंदसोरला, आली. काहींनी विणकाम चालू ठेवले, काही धनुर्विद्येकडे गेले, काही कथा सांगण्यात, काही ज्योतिषात रमले. धंदे बदलले तरी श्रेणी एकच राहिली. मालव संवत 493 मध्ये त्यांनी सूर्याचे देऊळ बांधले आणि 529 मध्ये पडझड झालेला भाग पुन्हा उभा केला. प्रशस्ती रचणारा वत्सभट्टी म्हणतो की हे ‘श्रेण्यादेशेन भक्त्या च’, श्रेणीच्या आज्ञेने आणि भक्तीने झाले. त्यातच एक श्लोक असा आहे की तरुणीने सोन्याचे हार, विडा, फुले सगळे ल्याले तरी रेशमी जोडी नेसल्याशिवाय ती प्रियकराला भेटायला जात नाही. देवळाच्या लेखात आपल्या मालाचे इतके सुंदर कौतुक करून घेणाऱ्या माणसांना ‘व्यावसायिक संघटना’ म्हणायला माझी लेखणी धजत नाही.

तर प्राचीन भारताविषयी लिहिताना ‘श्रेणी’च लिहावे. पहिल्या उल्लेखात ‘विणकरांची श्रेणी’, ‘तेल्यांची श्रेणी’ असा धंदा जोडला की परीक्षेच्या निकालाचा घोटाळा होत नाही.

आता ‘महाजन’. मराठी माणसाला हे आडनाव म्हणून माहीत, हिंदीच्या संगतीने सावकार म्हणून माहीत, आणि ‘महाजनो येन गतः स पन्थाः’मुळे थोर माणूस म्हणूनही माहीत. गुजरातेत मात्र महाजन ही व्यक्ती नव्हे, मंडळी. व्यापाऱ्यांचे ते ‘महाजन’, कारागिरांचे बहुधा ‘पंच’. महाजनाचा प्रमुख शेठ, पंचाचा पटेल, आणि शहराच्या सगळ्या महाजनांवर नगरशेठ. ‘शेठ’, आपला ‘शेट’, गोव्याकडच्या सोनारांच्या नावामागचा ‘शेट’, कानडीतला ‘शेट्टी’ आणि तमिळमधला ‘चेट्टी’ हे सगळे ‘श्रेष्ठी’च्या घराण्यातले. अहमदाबादच्या नगरशेठांशी मराठ्यांचाही संबंध आला. 1725 मध्ये मराठी फौजेपासून शहर वाचवण्यासाठी नगरशेठ खुशालचंदांनी स्वतःच्या पदरचे पैसे भरले. त्या उपकारापोटी व्यापाऱ्यांनी शहरातल्या मालावर शेकडा चार आणे त्यांच्या घराण्याला लावून दिले.

1879 च्या अहमदाबाद जिल्ह्याच्या गॅझेटियरात या महाजनांचे जे वर्णन आहे ते प्रत्येक अनुवादकाने वाचावे. निधी उभारायची त्यांची एक युक्ती अशी: एका ठरावीक दिवशी धंद्यातली सगळी दुकाने बंद ठेवायची, फक्त एक उघडे. ते एक कोणाचे, याचा लिलाव करायचा आणि बोलीची रक्कम महाजनाच्या फंडात. फी आणि दंडाचा पैसा मंडळीच्या जेवणावळींना आणि दानधर्माला लागे. भिकाऱ्यांना रोज जेवू घालणारी सदाव्रते त्यांच्या खर्चाने चालत. आणखी एक गोष्ट 1873 ची आहे. गवंड्यांपैकी काहींना काम मिळेना, तर काही जण पहाटे लवकर उठून जादा तास करून वरकड कमवत होते. पंच बसले आणि ठरवले की सर्वांना पुरेल इतके काम नाही तोवर जादा तास कोणीच करायचे नाहीत. हाच ‘महाजन’ शब्द पुढे गिरणी कामगारांनी उचलला: अहमदाबादेत 1920 साली गांधीजींच्या आणि अनसूयाबेन साराभाईंच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या संघटनेचे नाव ‘मजूर महाजन’. मालकांच्या मंडळीचा शब्द मजुरांनी अभिमानाने लावला, कारण त्यात मान होता.

गुजरातीत महाजनाने ठरवलेल्या सुट्टीला ‘पाखी’ म्हणतात. ‘पाखी पाळणे’ म्हणजे त्या दिवशी धंदा बंद. मराठीत याच्या शेजारचा शब्द ‘हरताळ’, बाजारपेठेच्या हाटाला लागलेले ताळे. लेखनावर फासतात ती पिवळी हरताळ वेगळी, ते खनिज आहे. दोघींची सरमिसळ करून कोट्या होतात, पण नाते नाही. ‘संप’ हा शब्द मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. गुजरातीत संप म्हणजे आजही एकोपा. मराठीत काम बंद करणे. मधला दुवा उघड दिसतो: सगळ्यांचे एकमत झाले म्हणजेच हत्यारे खाली ठेवता येतात.

यावर एक उपप्रश्न आला आहे: ‘मग मराठी मुलखातले शेटे-महाजन म्हणजे गिल्डच ना?’ नाही, इथे सावध राहावे. पेशवाईपर्यंतच्या कागदांत शेटे आणि महाजन हे पेठेचे वतनदार आहेत. पेठ वसवायची, व्यापारी आणून बसवायचे, बाजाराचे तंटे पाहायचे, त्याबद्दल शेटेपण आणि महाजनकीचे वतन पिढ्यान्‌पिढ्या चालवायचे. तो हुद्दा आहे, मंडळी नव्हे. मंडळीचा अर्थ तिथे ‘गोत’ या शब्दात सापडतो. गोतसभा बसे, मजहर (निवाड्याचा कागद) होई आणि खाली ज्याची त्याची निशाणी: कुणब्याचा नांगर, व्यापाऱ्याची तागडी. गुन्हेगाराला वाळीत टाकत, दंड भरून, गोताला जेवण घालून तो पुन्हा ‘गोतात’ येई. म्हणून अनुवादात ‘सदस्यत्व रद्द केले’ यापेक्षा ‘वाळीत टाकले’ कितीतरी नेमके आहे, जिथे घटना खरोखर तशी असेल तिथे. गोव्यात ‘महाजन’ म्हणजे देवस्थानाचा वंशपरंपरेने हक्कदार असलेला माणूस, आणि पोर्तुगीज अमदानीत अशा महाजनांच्या मंडळाला ‘माझानिया’ हे नाव मिळाले. तेव्हा गोव्याच्या वाचकासमोर गिल्डला महाजन म्हणू नका, त्याला देवळाची सभा दिसेल.

आता ‘मानपान’. वतनाच्या कागदांत ‘हक्क’ आणि ‘मानपान’ जोडीने येतात आणि भांडणे पैशावरून जितकी, तितकीच विडा आधी कोणाला यावरून. इथे तुमचा लंडनचा मजकूर आपोआप मराठीत उतरतो. मर्चंट टेलर्स (शिंपी) आणि स्किनर्स (फरच्या कातड्यांचे व्यापारी) या दोन मंडळ्यांत मिरवणुकीतल्या जागेवरून हाणामारीपर्यंत गेले. 1484 मध्ये महापौर रॉबर्ट बिलेस्डन यांनी निवाडा दिला: सहावा आणि सातवा मान एकाआड एक वर्ष दोघांनी घ्यावा, आणि एकमेकांना जेवायला बोलवावे. तो रिवाज आजही पाळतात. ‘अग्रक्रमाचा वाद’ असे याचे भाषांतर पाहिले आहे. ‘मानपानाचा तंटा’ लिहा, आपला वाचक एका क्षणात सगळे समजेल.

बाकीचे थोडक्यात. सोनारांच्या मंडळीचा संत डन्स्टन यासाठी ‘आश्रयदाता संत’ अवघड वाटतो. आपल्याकडे सोनारांना नरहरी, कुंभारांना गोरोबा, माळ्यांना सावतोबा आहेत, तेव्हा ‘सोनारांचा संत’ इतकेच पुरे. त्यांच्या ‘लिव्हरी’ला ‘शिरपाव’ म्हणू नये. शिरपाव वरून कोणी खुश होऊन देतो, हा मंडळीचा स्वतःचा ‘मानाचा पोशाख’ आहे. खंडेनवमीला हत्यारे पुजायची आपली रीत आठवते म्हणून तिकडच्या सणांना ते नाव देण्याचा मोह होईल, तो आवरा. आणि मूळ शब्दासाठी ‘गिल्ड’ तसाच ठेवा. पहिल्या ठिकाणी ‘एकाच धंद्यातल्या लोकांची मंडळी, म्हणजे गिल्ड’ असे लिहून पुढे बिनदिक्कत ‘मंडळी’ वापरा. ‘सोनारांच्या मंडळीने वर्षाच्या जेवणाला महापौरांना बोलावले’ हे वाक्य वाचून पाहा. त्यात काही अडत नाही.