त्या ‘काहीच घडत नाही’बद्दल थोडं

कुणीतरी म्हटलंय की ‘द त्सुगुआ डायरीज’ हा सिनेमा अर्ध्यात बंद केला, काहीच घडत नाही म्हणून. बरोबर, घडत नाहीच! पण जे घडत नाही तेही उलट्या क्रमाने. ‘त्सुगुआ’ म्हणजे ऑगस्टची इंग्रजी अक्षरं उलटी. सिनेमा बाविसाव्या दिवसापासून सुरू होऊन मागे मागे जातो. २०२० च्या करोना-उन्हाळ्यात मिगेल गोमिश आणि मोरीन फाझेन्देरो यांनी पोर्तुगालमधल्या एका घरात तो १६ मिमी फिल्मवर चित्रित केला.

दोन मित्र, एक मैत्रीण, नाच, पोहणं, फुलपाखरांसाठी जाळीचं घर बांधणं. बस.

मला खिळवून ठेवलं ते एका क्विन्सने (पिवळं, पेरूचा भाऊ शोभेलसं फळ). आधी दिसतं ते सडलेलं, बुरशी चढलेलं. मग दरवेळी थोडं ताजं होत जातं. शिवाय त्यातला एक नट विलगीकरणाचा नियम मोडून सर्फिंगला जाऊन आल्यावर बाकीचे चिडतात, तो प्रसंग. अगदी आपल्या ट्रिपमधली भांडणं!

मधला भाग रेंगाळतो, मान्य. पण आता शेवटून पहिल्या दिवसापर्यंत बघाच एकदा, दुपारी, पंखा लावून.