‘मना बी एक फोटो काढ ना भो’ : खान्देशातले फोटोवाले, लिहा

चाळीसगावच्या आमच्या फोटोच्या दुकानाचा पोटमाळा रंगवण्यासाठी रिकामा केला, तेव्हा बुटाचं एक खोकं हाती लागलं. वर वडिलांच्या अक्षरात दोनच शब्द : ‘नेले नाहीत’. आत शे-दीडशे पाकिटं. प्रत्येकावर गाव, तारीख आणि बाकी. ‘बाकी १२’, ‘बाकी ८’. दहावीच्या फॉर्मसाठी काढलेले पोरांचे तीन-तीन फोटो, नव्या सायकलचं हँडल धरून उभा एक माणूस, आणि आमच्या जुन्या काश्मीरच्या पडद्यापुढे मांडीवर करडू घेऊन बसलेली एक बाई. ती कोण, करडासोबतचा फोटो तिला कशाला हवा होता, आणि हवा होता तर न्यायला का आली नाही? तीन दिवस हेच डोक्यात घोळतंय.

चाळीसगावचा फोटोवाला म्हटलं की लोक केकी मूस (१९१२–१९८९) यांचं नाव काढतात, आणि काढावंच. स्टेशनजवळच्या त्या बंगल्यात ते जवळपास पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेऊन राहिले आणि टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांच्यावर हवा तसा उजेड पाडून त्यांनी फोटोत जग उभं केलं. वडील म्हणायचे, “त्यांच्याकडे उजेड त्यांच्या मर्जीनं यायचा. आपल्याकडे गिऱ्हाईक येतं तेव्हा जो असेल तो.” आमचं जगणं नेमकं उलटं. तुळशीचं लग्न लागलं की घर सुटतं, ते आषाढात सापडतं.

तर लिहा. कलाबिला नको, रोजचं लिहा. लग्नं, बारशी, कुत्री-मांजरं, पंचनामे, चमत्कारिक गिऱ्हाइकं. उधारीचं रडगाणं एका ओळीत उरका, ते सगळ्यांचं सारखंच आहे.

पारोळा. लग्नाची कामं, १९ वर्षं

एका ओळीत उरकतो : तीन लग्नांचे आल्बम तयार आहेत, न्यायला कोणी येत नाही.

आता सत्काराचं. आपल्याकडे पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असतो आणि अंतरपाट धरला जातो अडीचला. मधल्या वेळात सत्कार. माजी, आजी, भावी, सगळे. टोपी, टॉवेल, नारळ. पाहुणा टॉवेल हातात घेतो आणि लेन्सकडे बघत थिजतो. फ्लॅश पडल्याशिवाय सोडत नाही. माइकवाला ओरडतो, “फोटोग्राफर, इकडे लक्ष द्या!” मे महिना, पत्र्याचा मांडव, बाहेर ४४-४५ डिग्री. एका लग्नात मी असे दीडशेच्या आसपास टॉवेल काढले. मंगलाष्टकं सुरू झाली आणि फ्लॅशनं मान टाकली. तापला की तो स्वतःच बंद होतो, थंड होईपर्यंत काही करता येत नाही. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, आणि माझ्या फोटोत मागचं ऊन लख्ख, नवरी काळीठिक्कर.

मी आठ दिवस झोपलो नाही. सिलेक्शनला मुलाचे वडील आले, सगळं बघितलं आणि म्हणाले, “आमच्या चेअरमनसाहेबांचा टॉवेलचा फोटो कुठंय?” अंतरपाटाचं कोणी नाव काढलं नाही.

दोन वर्षांनी त्याच नवरीचा फोन आला. आजोबा वारले होते, दशक्रियेला फ्रेम हवी होती, आणि घरात धड असा एकही फोटो नव्हता. मी हार्ड डिस्क काढली. एकोणीसशे फोटो एकेक करून बघितले. आजोबा एकाच फोटोत सापडले. कुणाच्या तरी सत्कारात, पाहुण्याच्या कोपराच्या मागे, खुर्चीत बसून टोपी नीट करताना. फोकस पुढच्या टॉवेलवर. टॉवेलचा धागान् धागा दिसतो, आजोबा धूसर. तेवढाच तुकडा कापला, साफ केला, बारा बाय पंधरा करून दिला.

त्या दिवशी ते मला काही म्हणाले होते का, आठवत नाही. म्हणाले असतील. प्रत्येक लग्नात कोणीतरी म्हातारं माणूस बाही धरतंच, “मना बी एक फोटो काढ ना भो,” आणि आपण “काढतो बाबा” म्हणून पुढे जातो. आता हळदीच्या सकाळी, पाहुण्यांची गर्दी व्हायच्या आत, घरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ओट्यावर एकेकटं बसवून काढतो. आल्बममध्ये ते पान कोणी घेत नाही. माझ्याकडे राहतं.

धुळे. स्टुडिओ

आमचं पोट पासपोर्ट साइजवर. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, पांढरा पडदा, दोन्ही कान दिसले पाहिजेत. पोलीस भरती निघाली की पोरांची रांग पार रस्त्यापर्यंत. सगळ्यांची एकच मागणी, “दादा, जरा उजळ करा.” एकाला इतका उजळ केला की परत आला, “आता आईच ओळखत नाही.”

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक होतं वीस दिवसांचं. आईबाप परदेशी निघालेले, बाळाचा पासपोर्ट हवा. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, फोटोत दुसऱ्याचा हात दिसायला नको. पांढऱ्या चादरीवर निजवलं, मी स्टुलावर चढून वरून कॅमेरा धरला. ते डोळे उघडायचं तेव्हा रडायचं आणि गप्प व्हायचं तेव्हा झोपायचं. अडीच तास लागले. पैसे चाळीस रुपये.

रावेर

आमच्या भागात फोटो म्हणजे पुरावा. बैल दगावला की आधी मला फोन, मग बाकीच्यांना. विम्याच्या जनावराच्या कानात बिल्ला असतो आणि त्यावरचा नंबर फोटोत वाचता आला पाहिजे. मेलेल्या बैलाचा कान धरून उभं राहायचं काम मालकाचंच. हात थरथरतो, नंबर हलतो. “नाना, एकदाच घट्ट धरा,” हे म्हणताना मला स्वतःचीच लाज वाटते. पण नंबर वाचता आला नाही तर क्लेम अडतो.

तेच केळीचं. मे-जूनमध्ये वादळ आलं की घडाला आलेली बाग अर्ध्या तासात आडवी. पूर्वी पंचनाम्यासाठी आम्हालाच न्यायचे. आता मोबाइलवरच तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटतात, त्यामुळे ते काम गेलं. गेलं ते बरंच झालं. एका शेतकऱ्यानं मला बागेच्या कडेला उभं केलं आणि म्हणाला, “मागच्या वर्षी इथंच पोरीचे फोटो काढले होते तू, ते उभ्या केळीतले. तिथूनच काढ.” मी तिथूनच काढला. दोन्ही फोटो त्यानं शेजारी शेजारी लावलेत. एकदा त्याच्या घरी चहाला गेलो होतो, तेव्हा भिंतीकडे पाठ करून बसलो.

चाळीसगावकर, त्या करडाच्या कानात बिल्ला आहे का बघा. सरकारी योजनेतून घेतलेलं असेल तर असायला हवा.

जळगाव. बाळं, कुत्री आणि (नवऱ्याच्या भाषेत) इतर आवाज करणारे

मी आठ वर्षं या धंद्यात आहे. पहिली दोन वर्षं लोक विचारायचे, “सर कधी येतील?” मीच सर, हे पटवण्यात पहिला अर्धा तास जायचा. फायदाही झाला. नवरीच्या खोलीत, हळदीच्या आधीच्या त्या धांदलीत पुरुष फोटोग्राफरला दाराबाहेर थांबावं लागतं, मला नाही. माझे सगळ्यात चांगले फोटो तिथलेच आहेत : एकीच्या तोंडात पिना, दुसरी निऱ्या धरून जमिनीवर बसलेली, आणि नवरी चोरून शेव खातेय.

पाळीव प्राण्यांचं काम लॉकडाऊननंतर वाढलं. आधी लोक हसायचे, आता कुत्र्याच्या वाढदिवसाची सुपारी येते. काळ्या लॅब्रॅडॉरनं मला दोन महिने रडवलं. काळं कुत्रं फ्रेमभर आलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि कुत्रं राखाडी होतं. तो वाढवलेला उजेड एक-दीड स्टॉप (कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप) खाली आणायचा आणि उजेड बाजूनं, खिडकीतून घ्यायचा, म्हणजे केसांवर रेघ उमटते. फ्लॅश समोरून मारला तर डोळे हिरवे पेटतात. मालकीणबाईंनी तसला फोटो पाहून मला सांगितलं, “आमच्या शेरूला नजर लागली.” नजर नाही हो काकू, माझी चूक होती ती.

कुत्र्याला कॅमेऱ्याकडे बघायला लावायचं तर वेष्टनाचा कागद चुरगाळायचा. तीनदाच चालतं. चौथ्यांदा त्याला कळतं की बिस्किट नाही.

एका घरचे पोपटासह कुटुंबाचा फोटो काढायला बोलावत होते. मी नाही म्हटलं. आपला रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांना सांगितलं, तर काका म्हणाले, “अहो, तो बावीस वर्षांचा आहे, त्याला आम्ही मुलगा मानतो.” आणि आतून पोपट स्पष्ट ओरडला, “चहा ठेव!” मी तशीच परत आले. हसू आवरत नव्हतं आणि वाईटही वाटत होतं.

शहादा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे फोटो काढतो. दत्तजयंतीला तापीकाठी बाजार भरतो. लोकांना वाटतं घोडा देखणा, त्याचा फोटो सोपा. अजिबात नाही. विकायच्या घोड्याचा फोटो म्हणजे नवरीचा फोटो. आडवा उभा करायचा, चारही पाय वेगळे दिसले पाहिजेत, मान वर. मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात, दोन्ही टोकं एकमेकांना भिडल्यासारखी. ते कान ताठ असताना फोटो निघाला तर भाव. कान मागे पडले की घोडा चिडलेला दिसतो आणि गिऱ्हाईक पुढच्या तंबूत जातं.

कान उभे करायला मी पूर्वी शिट्टी मारायचो. एकदा शिट्टीनं शेजारचे चार घोडे उधळले, तंबूची दोरी तुटली आणि व्यापाऱ्यानं मला अशा शिव्या घातल्या की त्यातल्या निम्म्या मी पहिल्यांदा ऐकत होतो. आता खिशात मोबाइलवर घोडीचं खिंकाळणं ठेवलंय.

खरेदीदार भोवरे बघतात. मानेवर देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, आहे का, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरं, म्हणजे पंचकल्याणी आहे का. त्यामुळे त्या जागांचे वेगळे फोटो लागतात. एका मालकानं हळूच विचारलं, “तुमच्या कॉम्प्युटरवर चौथा पाय पांढरा होईल का?” कॉम्प्युटरवर होईल, बाजारात होणार नाही, म्हटलं.

भुसावळ. वय ७४, दुकान बंद

तुम्हा पोरांचं एकोणीसशे फोटोंचं वाचून हसू आलं. आमच्याकडे एका रोलमध्ये बारा फोटो. मोठ्या घरचं लग्न असेल तर चार रोल. काळजीनं काढावा लागायचा. “हसा” म्हणायची पद्धत नव्हती, “हलू नका” म्हणायची होती.

भुसावळच्या उन्हाळ्यात डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, वीस डिग्रीला ठेवायचा कसा? नळाचं पाणी हाताला चटका देई. बर्फाच्या गाडीवरून लादीचा तुकडा आणायचो, ट्रे परातीत, परातीत बर्फ. एकदा बर्फ मिळाला नाही आणि घाई होती. निगेटिव्हवरचा थर सुरकुतून सायीसारखा निघाला. एका घरच्या मुंजीचे सगळे फोटो गेले. मी त्यांच्या घरी जाऊन खरं सांगितलं. मुलाचे वडील रेल्वेत ड्रायव्हर होते. म्हणाले, “पुन्हा सोवळं नेसवू, तुम्ही पुन्हा काढा.” पोराच्या डोक्यावर तोवर केस आले होते, ते पुन्हा उतरवले. पोरगं माझ्याकडे असं बघत होतं की तो फोटो मी स्वतःसाठी एक जादा छापून ठेवला.

मयताचे फोटोही काढले. त्या काळी माणसाचा पहिला आणि शेवटचा फोटो पुष्कळदा एकच असायचा. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं डोळे उघडून द्यायचो. शिसं इतकं टोकदार की श्वास रोखून काम. डोळे उघडता येतात, पण नजर आणता येत नाही. घरच्यांना ते कधी दिसलं नाही, किंवा दिसलं तरी बोलले नाहीत.

तळोदा

लहानच लिहितो. मी शाळेत शिक्षक, फोटोचा नाद. रानपिंगळा नावाचं घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीनं सापडलंच नव्हतं, सगळ्यांनी ते संपलं असं धरलं होतं, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात ते आपल्या शहाद्याजवळच्या रानात दिसलं. हे वाचल्यापासून मी सातपुड्यात फिरतोय. ते दिवसाउजेडी शिकार करतं, त्यामुळे आशा असते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके दाट, याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीत. सहा वर्षांत माझ्याकडे साध्या पिंगळ्याचे चारशे फोटो जमलेत. वाटेत भेटणारे पाड्यावरचे लोक विचारतात, “मास्तर, मिळालं का तुमचं?” मागच्या हिवाळ्यात त्यांच्यातल्या एका पोरानं बोट दाखवलं. सागाच्या फांदीवर, पाठमोरं. डोकं कोरं. मी कॅमेरा उचलला, तर लेन्सचं झाकण तसंच. झाकण काढेपर्यंत फांदी हलत होती फक्त. फांदीचा फोटो आहे.

चाळीसगाव (पुन्हा मीच)

रावेरकर, भिंग घेऊन बघितलं. कानात बिल्ला नाही. म्हणजे योजनेचं नव्हे, विम्याचंही नव्हे. पण भिंग हातात होतंच म्हणून बाकीचा फोटोही नीट पाहिला.

आमच्या काश्मीरच्या पडद्याचा खालचा उजवा कोपरा माझ्या लहानपणापासून फाटका होता. तळ्यातली होडी अर्धीच होती. वडील त्यावरून उंदरांना शिव्या घालायचे, मला सापळ्यात भजं लावायला बसवायचे, आणि उंदीर कधी सापडला नाही. फोटोत बाई समोर बघतेय, एकदम सरळ, वडिलांनी सांगितलं असेल तशी. आणि मांडीवरच्या करडाच्या तोंडात होडी आहे.