धर्माचे तत्त्वज्ञान हा पेपर घेतलाय, वाचनाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एम.ए.ला तत्त्वज्ञान आहे आणि यंदा ‘धर्माचे तत्त्वज्ञान’ हा ऐच्छिक पेपर घेतलाय. (घरच्यांना वाटतंय मी आता संन्यास घेणार. असो.)

गाडी अडलीय अन्सेल्म या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञापाशी. ईश्वर आहे हे सिद्ध करायचा त्याचा युक्तिवाद असा: ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो ईश्वर. तो नुसता मनात असता तर खरोखर असणारा त्याहून थोर ठरला असता, म्हणून तो आहेच! वाचताना कुणीतरी हातचलाखी करतंय असं वाटतं, पण चूक नेमकी कुठे ते बोट ठेवून सांगता येत नाही. अस्तित्व हा गुणधर्मच नव्हे, हा कांटचा १७८१ मधला आक्षेप पटतो. पण प्लँटिंगा हा अमेरिकन तत्त्वज्ञ तोच युक्तिवाद ‘शक्य जगां’च्या (म्हणजे जग जसं जसं असू शकलं असतं त्या पर्यायांच्या) भाषेत पुन्हा उभा करतो, तिथे मी गारद. त्यासाठी मोडल लॉजिक (शक्यता आणि अनिवार्यता यांचं तर्कशास्त्र) आधी रीतसर शिकावं लागतं, की वाचता वाचता जमतं?

शिवाय न्याय दर्शनातल्या उदयनाचार्यांची ‘न्यायकुसुमांजली’ वाचायची आहे. ईश्वरसिद्धीचे युक्तिवाद आपल्याकडेही इतके काटेकोर असताना ते वगळणं मला पटत नाही. संस्कृत बेताचंच आहे. मराठीत किंवा हिंदीत सुबोध विवरण कुणी वाचलंय का? निदान सुरुवात कुठल्या स्तबकापासून (म्हणजे प्रकरणापासून) करू?