दुसरं ग्राफिक्स कार्ड दिसतंय पण एसएलआय (एनव्हिडियाची दोन कार्डं जोडून एकत्र चालवायची सोय) येत नाही? आधी ब्रिज केबल बघा
दादा, जुन्या लॅपटॉपमध्ये दोन जीटीएक्स ७८०एम कार्डं आहेत पण एसएलआयचा ऑप्शनच येत नाही म्हणताय ना, तर ड्रायव्हर परत टाकण्याआधी मागचं झाकण उघडून दोन कार्डांमधली ती चपटी ब्रिज केबल नीट बसलीय का बघा. माझी एका बाजूने केसभर वर आली होती, घणसोलीत घरीच पंख्यातली धूळ काढताना दिसली, दाबून बसवली आणि एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ऑप्शन लगेच आला! आणि हो, दोन्ही कार्डांची मेमरी ४+४ म्हणजे ८ जीबी होत नाही हं, दोन्हीकडे तोच डेटा असतो, ४च धरा. २०२१ पासून एनव्हिडियाने नवीन एसएलआय प्रोफाइल (एखादा गेम दोन्ही कार्डांवर चालवायची ड्रायव्हरमधली सेटिंग) देणं बंद केलंय, त्यामुळे नव्या गेममध्ये दुसरं कार्ड बहुतेक नुसतं बसून राहतं, जुने गेम मात्र मस्त पळतात.