प्रतिसाद: सिडकोतलं जुनं घर की बायपासचा नवा फ्लॅट?

संभाजीनगरात तुमच्या आईवडिलांसाठी घर बघताय, तर मी सिडकोच म्हणेन, म्हणजे सिडको या सरकारी महामंडळानं वसवलेली वसाहत. दवाखाना, भाजीवाले, रिक्षा सगळं हाकेच्या अंतरावर. म्हाताऱ्या माणसांना तेच लागतं.

पण आधी पाणी. जायकवाडी धरण भरलं तरी आपल्या संभाजीनगरात नळ रोज येत नाही, कित्येक दिवसांच्या अंतरानं येतो. म्हणून घर बघायला गेलात की फरशी, रंग राहू द्या, हौदाचं झाकण उचलून आत बघा. आमच्या गल्लीत रात्री दोनला पाणी सुटलं की शेजारच्या काकू खिडकीवर टकटक करतात, "उठ गं, नळ आला!" गेली अकरा वर्षं. नव्या अपार्टमेंटमध्ये टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला जातो का, तेही विचारा.

दुसरं, कागद. सिडकोच्या जागा मूळ भाडेपट्ट्याच्या. हस्तांतरण विकणाऱ्याच्या नावावर झालंय का ते बघा. आम्ही नुसत्या साठेखतावर, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारावर, विसार दिला आणि दीड वर्ष हेलपाटे मारले. वाढीव खोल्यांची परवानगीही मागाच. वकिलाकडून मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा शोध घ्या, त्यात काटकसर नको. आणि घर आईच्या एकटीच्या नावे घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.